आधीचे धनी

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे जपानला राहायला आले. तोक्योजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या लहानशा फ्लॅटमध्ये त्यांचा वेळ जात नव्हता. सकाळी नवरा तोझाई लाइननं ऑफिसला जायचा, मुलगी शाळेत, मी माझ्या कामावर. बाबा बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीत कठड्यांवर वाळत घातलेल्या गाद्या बघत बसायचे. जेवायला काय करू म्हटलं की "काहीही चालेल." बाहेर जाऊ या का म्हटलं की "तुम्ही या जाऊन." वीज मंडळातली नोकरी सांभाळून ज्यांनी सगळे रविवार सह्याद्रीतल्या गडांवर काढले, तेही बहुतेक वेळा सासूबाईंना बरोबर घेऊन, त्यांना कोपऱ्यावरच्या कोम्बिनीपर्यंत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानापर्यंत, जाऊन दूध आणावंसं वाटेना. कचऱ्याचं वर्गीकरण मात्र त्यांनी मनावर घेतलं होतं. जळणारा कुठला, न जळणारा कुठला, बाटलीचं झाकण कुठे आणि बाटली कुठे, हे ते आम्हा तिघांपेक्षा नीट सांगायचे. पण एका माणसाचा दिवस कचऱ्यावर किती निघणार?

माझं काम फलकांचं. किल्ले, बागा, लहानसहान संग्रहालयं, तिथे उभ्या असलेल्या जपानी फलकांचा इंग्रजी मजकूर आमची छोटी कंपनी तयार करून देते. इथे आल्यावर आधी डबे भरण्याच्या कारखान्यात आरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, मग जपानी भाषेच्या परीक्षा, मग भारतीय पाहुण्यांना तोक्यो दाखवणं, असं करत मी या कामाला लागले आणि रमले. त्या वर्षी मे महिन्यात आमच्या बॉसबाईंनी मला क्यूशू बेटावरच्या एका गावाचं काम दिलं.

"तिथल्या राजाचे फलक आहेत," त्या म्हणाल्या. "गावात जाऊन समितीला भेटून या. जरा नाजूक आहे."

नवरा नेमका तेव्हा नागोयाला एका प्रकल्पावर, मुलगी शाळेच्या सहलीला. बाबांना एकटं ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "बाबा, माझ्याबरोबर येता का? एका जुन्या किल्ल्याचं काम आहे."

त्यांनी मान वर केली. "किल्ला आहे?"

"किल्ल्याची जागा आहे. किल्ला राहिलेला नाही."

"मग त्यात काय? आपल्याकडे तरी कुठे राहिलेत," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सॅक दाराशी भरून तयार होती.

विमानात मी त्यांना त्या राजाची गोष्ट सांगितली. खरं तर तो राजा नव्हता, तीन खोऱ्यांचा आणि एका बंदराचा जहागीरदार होता. पण त्या काळी तिथे आलेले पोर्तुगीज पाद्री मायदेशी पत्रं लिहिताना त्याला राजाच म्हणायचे, आणि आता गावालाही तोच शब्द आवडत होता. सुरुवातीला त्याला हवी होती जहाजं आणि तोफेची दारू. जहाजांबरोबर पाद्री आले. टाकून दिलेल्या पोरांसाठी त्यांनी घर काढलं, आजाऱ्यांसाठी दवाखाना काढला. राजा हे सगळं बरीच वर्षं बघत होता. पुढे उतरत्या वयात त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि कॅथलिक झाला. मग देशात वारं फिरलं. साऱ्या जपानवर ज्याची सत्ता होती त्यानं निरोप धाडला: नवा धर्म सोड, नाहीतर राज्य सोड. यानं राज्य सोडलं. त्याला बायकामुलांसकट लांब उत्तरेला, बर्फाच्या मुलखात, दुसऱ्या एका सरदाराच्या नजरेखाली ठेवलं. तिथेच तो म्हातारा होऊन अंथरुणावर मेला.

"लढला नाही?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"एकही बाण न सोडता राज्य दिलं?"

"हो."

बाबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "मग त्याचे फलक कशाला लावतायत?"

मला त्या क्षणी फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्यांना कुणाचा तरी राग आला होता.

एका डब्याच्या गाडीतून आम्ही त्या गावच्या स्टेशनवर उतरलो. फलाटावरच राजा उभा होता, म्हणजे त्याचा भला मोठा कापडी बाहुला. गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर, टोकदार मिशा, गोबरे गाल. आम्हाला न्यायला नगरपालिकेतला पर्यटनाचं काम बघणारा तरुण अधिकारी आला होता. त्यानं सांगितलं की काही वर्षांपूर्वी एका सुपरमार्केटच्या पार्किंगसाठी खणताना राजाच्या वाड्याचा पाया लागला आणि त्यात जपमाळेचे मणी सापडले. टीव्हीवर कार्यक्रम झाला. मग इतिहासवेड्या तरुण मुली लांबून लांबून यायला लागल्या. आता राजाच्या नावाची करी पाकिटात मिळते, गटाराच्या झाकणांवर त्याचा मुकुट आहे, आणि त्याच्यावर वर्षभराची मालिका काढावी म्हणून स्टेशनवर सह्या गोळा करतात.

मी हे बाबांना सांगितलं तसे ते म्हणाले, "म्हणजे सगळं आपल्यासारखंच. आपल्याकडे चौकात फ्लेक्स लागतात, इथे बाहुला उभा करतात."

"पण पूर्वी," अधिकारी म्हणाला, "गावात कुणी त्यांचं नावसुद्धा घेत नसे. बंदीच होती. बंदी उठली तरी जिभेला सवय राहिली. म्हातारी माणसं अजूनही 'साकी-नो-तोनो' म्हणतात." साकी-नो-तोनो म्हणजे आधीचे धनी. त्यांच्यानंतर आलेल्या जहागीरदारांनी तीनशेच्या आसपास वर्षं राज्य केलं, पण त्यांच्या आठवणीत कुणाला रस नव्हता. जो गेला तोच 'आधीचा' म्हणून लक्षात राहिला.

त्या दुपारी आम्ही टेकडी चढलो. वर बुरूज नाही, दरवाजा नाही, फक्त जोत्याचे दगड आणि उतारावर बिवाची झाडं. बिवा म्हणजे आपल्याकडे लोकाट म्हणतात ते पिवळं आंबटगोड फळ. ऐन हंगाम होता, झाडं लगडली होती. बाबा दगडादगडाशी थांबत होते. एका ठिकाणी वाकून त्यांनी पाला बाजूला केला आणि म्हणाले, "हे बघ, पाण्याची पन्हळ. खाली टाकं असणार." खाली खरंच टाकं होतं, चिखलानं भरलेलं. चढताना त्यांना धाप लागली होती तरी मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला नाही. वर पोचल्यावर समोर समुद्र, खाली भाताच्या खाचरांत नुकतंच सोडलेलं पाणी चमकत होतं. बाबा कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"तीन बाजूंनी कडा, मागे पाणी. इथे वर्षभर सहज झुंजवता आलं असतं," ते म्हणाले. "असली जागा सोडून गेला गं हा माणूस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची बैठक होती, गावच्या बुद्धाच्या देवळातल्या दालनात. बैठक घेणारे त्या देवळाचे जूशोकु, म्हणजे मुख्य पुजारी. वय बाबांच्याच आसपास, भुवया जाड आणि पांढऱ्या, आवाज खर्जातला. दुसऱ्या सदस्य कासुतेराच्या दुकानाच्या मालकीण. कासुतेरा हा पोर्तुगिजांनी इथे आणलेला अंड्यांचा मऊ केक, आणि या बाईंच्या घरात तो पिढ्यानपिढ्या होत आलेला. गावात मोजकीच कॅथलिक घरं उरली होती, त्यांतलं एक त्यांचं. तिसरा तो अधिकारी. जूशोकुंनी बाबांनाही बैठकीत बसायला सांगितलं. "किल्ल्यांची माहिती असलेले पाहुणे आहेत म्हणे, मग बाहेर कशाला बसतात?"

फलक एकेक करून पुढे येत गेले. पाचव्या-सहाव्या फलकावर मी अडले. तो याच देवळाचा होता. जपानी मजकुरात एक वाक्य होतं: 'या जागी असलेलं प्राचीन देऊळ त्या काळच्या धामधुमीत नाहीसं झालं.' उशिनावारेता. नाहीसं झालं. जपानीत हे क्रियापद फार सोयीचं आहे, त्यात कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. इंग्रजीत तेवढ्यानं भागत नाही. वाचणारा विचारणारच, कसं नाहीसं झालं? आगीत, पुरात, भूकंपात?

मी तसं विचारलं. अधिकाऱ्यानं दातांतून हवा आत ओढली आणि मान तिरकी केली. "ते जरा..." इतकंच म्हणाला. इथे राहणाऱ्याला कळतं की याचा अर्थ विषय संपला. बाई आपल्या चहाकडे बघत होत्या.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग पाडलं की जाळलं, आणि कुणी, ते विचार की. आपोआप का नाहीसं होतंय?"

"बाबा, असं विचारत नाहीत इथे."

"अगं, फलक लावायचाय ना? मग माहिती नको?"

जूशोकु आमच्याकडे बघत होते. "पाहुणे काय म्हणाले?"

मी गोड शब्दांत सांगितलं की पाहुण्यांना देवळाच्या इतिहासाबद्दल अधिक जाणून घ्यायला आवडेल.

जूशोकुंच्या भुवया वर गेल्या. "ते याहून बरंच थोडक्यात बोलले. जसं बोलले तसं सांगा."

मग मी सांगितलं. अधिकाऱ्यानं डोळे मिटले. जूशोकु मात्र मोठ्यानं हसले, आणि हसू ओसरल्यावर सरळ म्हणाले, "आधीच्या धन्यांनी जाळलं. बाप्तिस्मा घेतल्यानंतरच्या वर्षी. हे देऊळ आणि वरच्या खोऱ्यातली आणखी दोन. गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

"तर मग लिहीत का नाही?" बाबांनी विचारलं. या वेळी मी शब्दाला शब्द ठेवला.

जूशोकुंनी बाईंकडे पाहिलं नाही, पण बोलले ते त्यांच्याविषयीच. "हे वाक्य मीच लिहिलंय. गावात त्यांच्या धर्माची थोडी घरं आहेत. त्यांची मुलं शाळेच्या सहलीबरोबर इथे येतात. फलकापुढे उभं राहून एखाद्या पोरानं दुसऱ्याला म्हणावं, तुमच्या राजानं आमचं देऊळ जाळलं, हे मला नको होतं."

बाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज अगदी हळू होता, पण थांबला नाही. "मला ते लिहायला हवं होतं. पहिल्या बैठकीपासून हवं होतं. पण देऊळ तुमचं. तुमच्या जुन्या जखमेबद्दल मी कशी बोलणार? तुम्ही 'नाहीसं झालं' लिहिलंत, तेव्हा वाटलं, तुम्हाला ते बोलायला नको असेल."

"मला?" जूशोकु म्हणाले.

"हो."

"मी तुमच्यासाठी लिहिलं होतं."

एकाच गावात जन्मलेली, एकाच शाळेत शिकलेली ही दोन माणसं. रोज सकाळी जूशोकु त्यांच्या दुकानावरून फिरायला जात आणि दोघं हवापाण्याचं बोलत. आणि इतकी वर्षं दोघंही एकमेकांना जपत गप्प बसली होती. मी हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "आमच्या चुलतभावांचं असंच झालं होतं. फक्त ते एकमेकांना जपत नव्हते." हे काही मी भाषांतर केलं नाही.

पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. "ते जाळलं हे लिहिलं नाही, तर पुढचं कसं सांगता येईल?" त्या म्हणाल्या.

"पुढचं काय?" मी विचारलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी थांबत थांबत मराठीत बाबांना सांगत गेले, आणि बाबा पुढे झुकून ऐकत होते. धनी गेल्यावर गावकऱ्यांनी देऊळ पुन्हा बांधलं. नंतर ख्रिस्ती धर्मावर कडक बंदी आली. प्रत्येक घराला कुठल्या तरी बुद्धाच्या देवळाची साक्ष लागे, हे कुटुंब आमच्याकडचं आहे, ख्रिस्ती नाही, अशी. साक्ष नसेल तर पुढे काय होईल ते सगळ्यांना माहीत होतं. वर्षातून एकदा चावडीवर जाऊन येशू-मेरीच्या पवित्र मूर्तीवर पाय ठेवून दाखवावा लागे. बाईंच्या पूर्वजांनी पाय ठेवला, आणि घरी येऊन पाय धुऊन देवाची माफी मागितली. असं पिढ्यानपिढ्या. आणि या सगळ्या काळात त्यांच्या घराची साक्ष दिली ती याच देवळानं, जे त्यांच्या धन्यानं जाळलं होतं त्यानं.

"देवळाला ठाऊक नव्हतं?" बाबांनी विचारलं.

उत्तर जूशोकुंनी दिलं. "ठाऊक नसायला काय झालं? मयताला जायचे ना आमचे लोक. माझे आजोबा सांगायचे, आपल्याकडचा पुजारी सूत्रं म्हणायचा आणि घरच्यांना त्यांचं काही म्हणायचं असेल म्हणून मुद्दाम बाहेर तोंड धुवायला जायचा. बराच वेळ तोंड धूत बसायचा."

बाई हसल्या. "आमच्याकडेही हेच सांगतात."

"मग राजाचं काय?" बाबा म्हणाले. त्यांचा राग अजून गेला नव्हता. "तो गेला निघून, भोगलं तुम्ही. तुम्हाला त्याचा राग येत नाही? विचार त्यांना."

मला विचारायला जड गेलं, तरी विचारलं. बाईंना राग आला नाही. हा प्रश्न त्यांच्या घरात आधीच कितीदा तरी विचारून झाला असावा.

"माझी आजी राजाचं नाव निघालं की म्हणायची, त्यांना जायला वाट होती, आपल्याला शेतं होती. ती त्यांना कधी संत म्हणाली नाही. देऊळ जाळलं ते वाईट केलं म्हणायची. पोरांसाठी घर काढलं ते चांगलं केलं म्हणायची. आणि लढले नाहीत म्हणून गाव वाचलं, असंही म्हणायची. लढाई झाली असती तर मेले असते ते आमच्याकडचेच आणि देवळाकडचेच."

बैठक पुढे सरकली, उरलेले फलक झाले, जेवणाचे डबे, बेंतो, आले. जेवण झाल्यावर जूशोकुंनीच त्यांना विचारलं, "तुमच्या देशात असं काही असतं का? एकाच्या देवळाला दुसऱ्यानं हात लावलेला?"

बाबा म्हणाले, "आमच्याकडे वसई म्हणून किल्ला आहे. पोर्तुगिजांचा. तो आमच्या लोकांनी जिंकला, आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा आणून आमच्या देवळांत टांगल्या. कित्येक देवळांत अजून आहेत. मी स्वतः वाजवल्यात. गडावर जाणाऱ्या पोरांना मी फार अभिमानानं दाखवतो त्या." मग म्हणाले, "वसईत अजून ख्रिस्ती लोक राहतात. आमच्यासारखेच मराठी बोलतात. त्या घंटांचं त्यांच्या घरी काय सांगतात, हे मी कधी विचारलेलं नाही."

मी ते जपानीत सांगितलं. जूशोकु म्हणाले, "मग आता विचारा." त्यात टोमणा नव्हता. पावसाचा अंदाज सांगावा तसं म्हणाले.

दुपारभर आम्ही त्या एका फलकावर बसलो. अधिकारी अजून धास्तावलेला होता. वरच्यांना काय सांगू, पर्यटकांना असलं वाचायला आवडेल का, मालिकावाले काय म्हणतील? बाईंनी त्याला समजावलं. "अरे, लोक येणार आहेत ते धन्यांसाठीच. त्यांना मिशा आहेत, कॉलर आहे, गोष्ट आहे. आमच्याबद्दल विचारायला आपणहून कोण आलं असतं? लोक आलेलेच आहेत, तर दोन ओळी आमच्याही वाचतील." शेवटी जपानी मजकूर जूशोकुंनी स्वतःच्या हातानं बदलला. आधीच्या धन्यांनी इथलं देऊळ जाळलं. ते गेल्यावर गावानं पुन्हा बांधलं. पुढे बंदीच्या काळात याच देवळानं धन्यांचा धर्म पाळणाऱ्या घरांची साक्ष दिली. इतकंच. इंग्रजी करायला मला काहीच वेळ लागला नाही. प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलं होतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी निघणार होतो. पण बाबा म्हणाले, "अजून ते टाकं नीट बघायचंय." जूशोकुही म्हणाले, वरच्या खोऱ्यात जुनी वाट आहे, पाहुण्यांना चालवत असेल तर दाखवतो. मी बॉसबाईंना फोन केला, मजकूर तिथेच बसून पुरा करते म्हटलं, आणि आम्ही आणखी काही दिवस राहिलो. सकाळी मी मिन्शुकुच्या, म्हणजे त्या घरगुती खानावळीवजा मुक्कामाच्या, खोलीत लॅपटॉप उघडून बसायची आणि हे दोन म्हातारे टोप्या घालून निघायचे. बाबांना जपानी येत नव्हतं, जूशोकुंना मराठी सोडा, इंग्रजीही बेताचंच. परत यायचे तेव्हा दोघांचे खिसे बिवांनी भरलेले असायचे आणि दोघंही दमलेले असूनही काहीतरी बोलत असायचे, आपापल्या भाषेत.

"तुम्ही बोलता तरी काय?" मी एकदा विचारलं.

"त्याचीही बायको गेली तीन-चार वर्षांपूर्वी," बाबा म्हणाले. "तिनं लावलेलं झाड दाखवत होता."

हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही.

जूशोकुंनी राजाची आणखी एक गोष्ट सांगितली. उत्तरेला बर्फात राहताना तो म्हणे दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला विचारायचा, यंदा बिवा कसे आलेत? ही आख्यायिका खरी की पर्यटन विभागाची, ते जूशोकुंनाही माहीत नव्हतं. पण ती ऐकल्यावर टेकडीवरून उतरताना बाबा पहिल्यांदा त्याला 'तो' म्हणायचं सोडून 'ते' म्हणाले. "उतारवयात गाव सोडायचं म्हणजे सोपं नसतं. ते लढाईला भ्याले असं मला आता वाटत नाही. पण किल्ला मात्र झुंजवता आला असता हं, एवढं मी म्हणणारच."

फलक शरद ऋतूत लागले. तोवर बाबा पुण्याला परतले होते. समारंभाला मी एकटी गेले. नगराध्यक्षांचं भाषण लांबलं, पोरं कंटाळली, बाईंनी सगळ्यांना कासुतेरा वाटला. देवळाच्या फलकापुढे लोक थोडे थांबत होते. एका शाळकरी मुलीनं मोठ्यानं वाचलं आणि बरोबरच्या शिक्षिकेला विचारलं, "म्हणजे जाळलंही आणि वाचवलंही?" शिक्षिका म्हणाल्या, "जाळलं एकानं, वाचवलं दुसऱ्यानं." मुलीनं मान डोलावली आणि पुढे गेली. कुणी भांडलं नाही, कुणी तक्रार केली नाही. मालिका अजून निघालेली नाही. सह्या चालूच आहेत.

पुण्यात बाबांनी आपल्या गडावर जाणाऱ्या मंडळींपुढे या राजावर एक भाषण केलं. नवऱ्याच्या आत्येभावानं त्याचा व्हिडिओ पाठवला. बाबा उभे राहून, चष्मा पुसत, सांगत होते की जपानात एक राजा होऊन गेला, त्याचं राज्य गेलं ते असं, आणि त्याच्यामागे राहिलेल्या माणसांचं पुढे असं झालं. एकानं विचारलं, "काका, हरलेल्या राजाचं एवढं काय?" बाबा म्हणाले, "तुम्ही तिथे येऊन बघा, मग सांगतो." त्यानंतर ते वसईलाही जाऊन आले. तिथे एका म्हाताऱ्या कॅथलिक शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्यांनी घंटांबद्दल विचारलं. तो गृहस्थ म्हणाला, "वाजतायत ना अजून? मग झालं." आणि त्यानं त्यांना जेवायला थांबवून घेतलं. हे सांगताना बाबा फोनवर इतके खुशीत होते की मेनूसुद्धा सांगितला.

पुढच्या मे महिन्यात ते परत आले ते एकटे नाहीत, गडावरच्या दोन मित्रांना घेऊन. तिघंही सत्तरीच्या पुढचे. चार दिवस आमच्या फ्लॅटमध्ये पथाऱ्या पसरून राहिले. सकाळी उठून चकल्यांचे डबे उघडायचे आणि बाबा त्यांना कचरा कुठला कुठे टाकायचा ते शिकवायचे. मग क्यूशूला जायचं ठरलं. मी म्हटलं, "मी दोन दिवस रजा टाकते, पोचवून येते."

"तू कशाला रजा घालवतेस?" बाबा म्हणाले. "मला माहीत आहे तिथलं. स्टेशनवर न्यायला येणारेत ते."

"पण बोलणार कसं?"

"गेल्या वर्षी कसं बोललो?"

मी त्यांना हानेदा विमानतळावर सोडलं. तिघांच्या पाठीवर सॅक, पायात गडाचे बूट, बाबांच्या हातात जूशोकुंसाठी चितळ्यांच्या बाकरवड्यांचं पाकीट आणि बाईंसाठी सासूबाईंची जुनी पैठणी कापून शिवलेली पिशवी. सुरक्षा तपासणीच्या रांगेत बाबा मागे वळून मित्रांना काहीतरी समजावत होते, हात वर करून, बहुधा कडा आणि टाकं. मला हात करायला ते विसरले. मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले, मग मोनोरेल पकडली आणि वाटेत स्वतःसाठी एक कॉफी घेऊन निवांत घरी आले.